पिऊ नये आणि प्यायला नको

अंड्याचं सँडविच मी आता खाऊ शकत नाही. अंड्याचा त्यात काही दोष नाही. एका वृद्धाश्रमाच्या ऑफिसात एक बाई माझ्यासमोर बसून ते खात होती, आणि खाता खाता एका नव्वदीच्या म्हातारीला दोन दिवस पाणी कसं मिळालं नाही, हे मला समजावून सांगत होती. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात पिवळट मेयोनीज लागलं होतं. ते पुसायचं तिला सुचत नव्हतं, आणि मला तिच्या तोंडावरून नजर काढता येत नव्हती.

पण या सगळ्याची सुरुवात तिच्या ऑफिसात झाली नाही. ती माझ्या वर्गात झाली, मी छापलेल्या एका कागदापासून.

मी मेलबर्नला आले ती विद्यार्थिनी म्हणून. इंग्रजी शिकवण्याचा कोर्स केला, पुढे पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, मिळाला, लग्न झालं, मुलगी झाली, पॉइंट कुक या उपनगरात घर झालं. नवरा आयटीत. मी एका खाजगी ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये आठवड्यातून तीन सकाळी शिकवायचे. विषय होता कामाच्या ठिकाणचं इंग्रजी. गाद्यांच्या दुकानाच्या वर एक खोली, कार्पेटला कायम ओल्या कुत्र्यासारखा वास, आणि समोर आठ-दहा माणसं: कोणी सफाईकाम करणारं, कोणी हॉटेलच्या किचनमध्ये भाज्या चिरणारं, कोणी वृद्धाश्रमात केअरर, म्हणजे म्हाताऱ्यांची देखभाल करणारं.

त्यांच्यात पन्नाशीची एक बाई होती. बेल्जियमची, पण तिथल्या ज्या भागात डच बोलतात त्या भागातली. युरोपातून आलेल्या बाईला इंग्रजी येत नाही याचं पहिल्या दिवशी सगळ्यांना नवल वाटलं. ती मात्र अजिबात न लाजता म्हणाली, "मी पंधराव्या वर्षी शाळा सोडली. तीस वर्षं बिस्किटांच्या फॅक्टरीत होते. बिस्किटांना इंग्रजी लागत नाही." इथल्या एका ट्रक ड्रायव्हरशी लग्न करून ती आली होती. उंच, रुंद खांद्यांची, लाल हातांची. वर्गात सगळ्यांच्या आधी यायची आणि खुर्च्या सरळ लावून ठेवायची.

तिचं शब्दांवाचून अडायचं नाही. डच आणि इंग्रजी इतक्या जवळच्या भाषा की निम्मे शब्द तिला ओळखीचेच वाटायचे. आणि तिथेच ती फसायची. 'कॅन', 'मस्ट', 'विल', 'मे' या छोट्या शब्दांची जुळी भावंडं तिच्या भाषेत आहेत, पण इंग्रजीतल्या भावंडांशी त्यांचा स्वभाव जुळत नाही. ती म्हणायची, "आय विल अ कॉफी." तिच्या भाषेत 'विल' म्हणजे 'हवं'. एकदा कामावर तिला विचारायचं होतं की मला दोन वाजता घरी जायचंय, चालेल का, पण ती म्हणाली, "आय विल गो होम ॲट टू." सुपरवायझरने तिला सगळ्यांसमोर झापलं, की इथे कोणी कधी जायचं ते मी ठरवते. वर्गात ते सांगताना तिचे कान लाल झाले होते.

मी तेव्हा तिला म्हटलं, तुझ्यासाठी एक वेगळा कागद करून आणते. मनापासून म्हटलं होतं. पण त्या आठवड्यात मुलगी आजारी होती आणि मी थकले होते. शेवटी काय केलं, तर इंटरनेटवर एक तयार तक्ता सापडला तोच छापला. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे डच. मस्ट म्हणजे मूटन. मस्ट नॉट म्हणजे मूटन नीट. मला डचमधलं एक अक्षर कळत नव्हतं. कोणाला दाखवून घ्यावं असंही मनात आलं नाही. मला फक्त गंमत वाटली ती 'नीट' या शब्दाची. "तुमच्यात नीट म्हणजे नाही?" मी विचारलं. "माझ्या भाषेत नीट म्हणजे व्यवस्थित." ती मोठ्याने हसली. तिने तो कागद प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घातला. कोर्सच्या शेवटी मी तिच्या मूल्यमापनाच्या पानावर टिक केली: लेखी सूचना वाचू शकते, लेखी सूचना देऊ शकते. सही केली.

ती ज्या वृद्धाश्रमात काम करत होती तिथे एक डच म्हातारी होती. साठेक वर्षांपूर्वी नवरी म्हणून इथे आलेली. सगळं आयुष्य इंग्रजीत काढलं, दुकान चालवलं, मुलगा वाढवला, आणि आता विस्मरणात तिचं इंग्रजी पार गळून गेलं होतं. उरली होती फक्त लहानपणीची भाषा. तिचा मुलगा पर्थला राहायचा. वृद्धाश्रमाने माझ्या विद्यार्थिनीला कामावर घेतलं ते मुख्यतः म्हातारीशी बोलायला कोणीतरी मिळालं म्हणून. पहिल्या दिवशी तिने म्हातारीला तिच्या भाषेत गुड मॉर्निंग म्हटलं तेव्हा म्हातारीने तिचा हात अर्धा तास सोडला नव्हता.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी माझी विद्यार्थिनी तिच्या खोलीत गेली, तर सकाळच्या शिफ्टची एक केअरर म्हातारीला चहा पाजत होती. पाजत कसली, नळीचा कप ओठांत खुपसून ओतत होती. इथला दुधाचा, कोमट, साय धरलेला चहा. म्हातारी मान फिरवत होती आणि चहा हनुवटीवरून गळ्यात, गळ्यावरून गाऊनमध्ये चालला होता. "फ्लुइड चार्ट भरायचाय मला," ती केअरर म्हणाली. कोणी किती प्यायलं याची ती नोंद. हिने कप काढून घेतला. म्हातारीचं तोंड, मान पुसली, गाऊन बदलला. मग शिफ्ट संपताना कम्युनिकेशन बुकमध्ये, म्हणजे एका शिफ्टने दुसरीसाठी निरोप ठेवायच्या वहीत, स्वच्छ अक्षरात दोन वाक्यं लिहिली. शी मस्ट नॉट ड्रिंक. आस्क हर फर्स्ट.

तिला म्हणायचं होतं: तिने प्यायलाच पाहिजे असं नाही, आधी विचारा.

मराठीत आपल्याला हे चटकन कळतं. 'पिऊ नये' वेगळं आणि 'प्यायला नको' वेगळं. एक मनाई आहे, दुसरी सूट आहे. तिच्या भागातल्या डचमध्ये 'मूटन नीट' म्हणजे सक्ती नाही, गरज नाही. इंग्रजीत तेच शब्द त्याच क्रमाने ठेवले की मनाई होते. माझ्या तक्त्यात हे दोन्ही शेजारी शेजारी, मध्ये बरोबरचं चिन्ह टाकून छापलेले होते.

शुक्रवारी संध्याकाळी कोणीतरी वहीतलं पहिलं वाक्य उचलून किचनच्या पांढऱ्या बोर्डावर लिहिलं. दुसरं वाक्य लिहिलं नाही. खोलीचा नंबर, आणि पुढे 'मस्ट नॉट ड्रिंक'. शनिवार-रविवार सगळी माणसं एजन्सीकडून आलेली, बदली होती. चहाची ट्रॉली त्या खोलीवरून पुढे गेली, ज्यूसची गेली, पाण्याचा जगसुद्धा उचलून नेला. बाहेर चाळीस डिग्री; इथला जानेवारी म्हणजे ऐन उन्हाळा. सोमवारी सकाळी माझी विद्यार्थिनी कामावर आली तेव्हा म्हातारीची जीभ टाळूला चिकटली होती आणि ती तिला ओळखत नव्हती. हिनेच आरडाओरडा करून ॲम्ब्युलन्स बोलवायला लावली.

आठवड्याभरात मला त्या सँडविचवाल्या बाईसमोर बसावं लागलं. ती वृद्धाश्रमाची मॅनेजर. माझ्याबरोबर आमच्या इन्स्टिट्यूटचा कोऑर्डिनेटर होता, आपल्याकडचाच माणूस, दिल्लीचा.

"हा भाषेचा प्रश्न आहे," मॅनेजर म्हणाली. "आमच्या स्टाफने लेखी सूचना तंतोतंत पाळली."

मी विचारलं, "एखाद्याला काहीच प्यायला द्यायचं नसेल तर नर्सची सही लागत नाही का?"

"आदर्श परिस्थितीत, हो." तिने एक घास घेतला. "पण आमची माणसं किती काटेकोर आहेत बघा. ती वीकेंडभर पाणी मागत होती, तरी कोणी सूचना मोडली नाही."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "मागत होती म्हणजे? तिला तर इंग्रजी येत नाही."

"नाही, पण 'वॉटर' म्हणत होती. डचमध्येही तोच शब्द आहे म्हणे. सारखं तेच." ती हे अगदी सहज सांगत होती, आपल्या माणसांची बाजू भक्कम करायला. बोलताना अंड्याचा एक कण तिच्या दातांमधून उडून टेबलावर, माझ्या वहीच्या कडेला पडला. मी वही उचलून उठले. मी टॉयलेटमध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं. बेसिनवर छापील पाटी होती: भरपूर पाणी प्या. तिथेच मला उलटी झाली.

परत येताना गाडीत कोऑर्डिनेटर हिंदीत म्हणाला, "देखो यार, सिंपल है. एक लेटर लिख दो कि तुमने ये सब पढ़ाया था. बस. वो लेडी वैसे भी जाएगी."

"पण मी तसं शिकवलंच नाही," मी म्हटलं. "मी दिलेला कागदच चुकीचा होता."

"वो काग़ज़ किसने देखा है?" त्याने आरशात बघून केस सारखे केले. "ऑडिट आ रहा है. सोच लो."

मी विचार केला. घरी नवऱ्याला सांगितलं. तो भांडी डिशवॉशरमध्ये लावत होता. म्हणाला, "तू मुद्दाम केलंस का? नाही ना? मग लिहून टाक आणि सोड. तुझ्या एका कागदामुळे काय ते सगळं झालंय का?" त्याचं अर्धं खरं होतं, आणि मी त्या अर्ध्या खऱ्याला धरून बसले.

पत्र मी लिहिलं. शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या बाईला असं पत्र फार छान लिहिता येतं. कोर्समध्ये मस्ट आणि हॅव टू यांतला फरक येतो, असं लिहिलं. कोर्सच्या यादीत तो होताच. विद्यार्थिनीला हा फरक माहीत असणार, असं लिहिलं. वुड हॅव बीन अवेअर. माहीत होता असं मी म्हटलं नाही, असणार म्हटलं. खोटं बोलल्याचा ठपका येणार नाही आणि तिची नोकरी जाईल, असा नेमका शब्द मी शोधून काढला. वृद्धाश्रमाला पाठवून दिलं. त्या दिवशी आरशासमोर वेणी घालताना मला स्वतःचं तोंड बघवेना.

तीन दिवसांनी तिचा फोन आला. तिला सस्पेंड केलं होतं. "टीचर, मला भेटायचंय. तुझ्याकडे एक तास आहे?" मी सबबी शोधत होते, पण तोंडातून हो निघून गेलं.

आम्ही लायब्ररीत भेटलो. बाहेर पोरं स्कूटरवर ओरडत होती. तिने तो प्लॅस्टिकचा फोल्डर काढला, त्यातून माझा कागद काढला आणि माझ्यासमोर सरळ करून ठेवला. कडेला पेन्सिलने बारीक अक्षरात तिच्या नोंदी होत्या. तक्त्यातल्या प्रत्येक ओळीखाली तिने स्वतःची वाक्यं करून सराव केला होता.

"मी हा कागद पाठ केला होता," ती म्हणाली. "तरी माझ्याकडून असं झालं. ती बाई माझ्यामुळे मरता मरता वाचली. मला दाखव, मी कुठे चुकले. मला पुन्हा कधीच ही चूक करायची नाही."

ती पेन्सिल हातात धरून वाट बघत होती.

मी म्हटलं, "तू चुकली नाहीस. कागद चुकलाय."

"म्हणजे?"

"'मस्ट नॉट'चा अर्थ करू नये, मनाई. तुला लिहायचं होतं 'डोन्ट हॅव टू'. तुझ्या भाषेत मूटन नीट म्हणजे काय हे मी तुला विचारायला हवं होतं. विचारलं नाही. कुठूनतरी काढून छापलं."

तिने त्या ओळीवर पेन्सिल टेकवली. मग मान वर न करता म्हणाली, "तू त्यांना हे सांगितलंस?"

"नाही."

"त्यांना काय सांगितलंस?"

मी सांगितलं. इंग्रजीतलं ते वाक्य तिला जसंच्या तसं म्हणून दाखवलं. तिला त्यातली मेख कळली नाही, म्हणून मला ती समजावून सांगावी लागली: 'वुड हॅव बीन' कधी वापरतात, त्याने बोलणाऱ्याला अंग कसं काढून घेता येतं. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात घाणेरडा धडा होता, आणि ती नेहमीसारखं लक्ष देऊन ऐकत होती. समजल्यावर तिने माझ्याकडे पाहिलं. ती चिडली नव्हती. मासे आणून ते चिरावेत आणि आतून नासलेले निघावेत, तसं तिचं तोंड झालं. तिने पेन्सिल खिशात घातली, कागद मात्र टेबलावरच ठेवला आणि गेली.

त्याच संध्याकाळी मी दुसरं पत्र लिहिलं. त्यात मे, माइट, वुड, कुड यांतला एकही शब्द येऊ दिला नाही. मी कागद दिला. कागद चुकीचा होता. मी तो तपासला नाही. माझं पहिलं पत्र दिशाभूल करणारं होतं. बोर्डावर तिचं अर्धंच वाक्य उतरवलं गेलं. म्हातारी पाणी मागत होती हे मॅनेजरने मला स्वतः सांगितलं. सोबत तक्त्याची कॉपी जोडली आणि वृद्धाश्रमांच्या तक्रारी जिथे जातात त्या सरकारी ऑफिसला, पर्थच्या मुलाला आणि इन्स्टिट्यूटला पाठवलं. नवऱ्याने वाचलं आणि म्हणाला, "झालं. आता तुला कोण काम देणार?" थोड्या वेळाने येऊन म्हणाला, "बरं केलंस." मला दोन्ही वाक्यांचा सारखाच राग आला.

काम गेलंच. काढून वगैरे टाकलं नाही, पुढच्या टर्मला रोस्टरमध्ये मला वर्गच नव्हते. कोऑर्डिनेटरने मेसेज केला, "नो हार्ड फीलिंग्ज, मेट." मी नंबर ब्लॉक केला. चौकशी झाली, तीन महिने चालली. त्या वृद्धाश्रमाने नर्सच्या सहीशिवाय खाणं-पिणं बंद करायचं नाही, किचनच्या बोर्डावर पेशंटबद्दल काही लिहायचं नाही, असं ठरलं. माझ्या विद्यार्थिनीवर दोष आला नाही. तिला परत घ्यायलाही ते तयार होते, पण ती गेली नाही; एका बेकरीत लागली. मॅनेजर तिथेच आहे. मुलाला त्यांचं माफीचं पत्र गेलं, त्याने मला त्या पत्राचा फोटो पाठवला. तुमच्या आईंना काही त्रास झाला असल्यास आम्हाला खेद आहे. असल्यास! दोन दिवस पाणी मागणाऱ्या बाईला त्रास झाला असल्यास! फोन मी सोफ्यावर फेकला. मुलगी म्हणाली, "आई, चिल." मी तिच्यावर विनाकारण ओरडले.

म्हातारी वाचली. हॉस्पिटलमधून परत त्याच खोलीत आली, कारण मुलाला तिच्यासाठी दुसरीकडे जागा मिळेना. माझी विद्यार्थिनी दर रविवारी तिला भेटायला जायची, आता पाहुणी म्हणून. मेमध्ये एकदा तिने मला आपणहून फोन केला. "येतेस? बघ एकदा," एवढंच म्हणाली. माफ केलं असं ती म्हणाली नाही आणि मी विचारलं नाही.

आम्ही गेलो. कॉरिडॉरमध्ये फिनाइल आणि त्याखाली दबलेला लघवीचा वास. म्हातारी खिडकीशी बसली होती, चिमणीएवढी. माझ्याकडे बघून हसली. खोलीत एक वेगळाच वास होता, साचलेल्या डबक्यासारखा. माझ्या विद्यार्थिनीने कपाटाचा खण उघडून दाखवला. स्वेटरांच्या घड्यांमध्ये प्लॅस्टिकचे कप लपवले होते, पाण्याने भरलेले. सहा मी मोजले. एकावर हिरवा तवंग आला होता. स्वेटर ओले, बुरशीचे काळे ठिपके पडलेले. उशीच्या मागे एक कप, बुटात एक, पडद्याआड खिडकीच्या कट्ट्यावर दोन. जेवणाच्या वेळचं पाणी ती पीत नव्हती, साठवत होती. स्टाफ येऊन ते ओतून टाकायचा आणि फाइलमध्ये लिहायचा की वर्तनाची समस्या.

मी बाह्या वर सारल्या. मी म्हटलं, "चल, सगळं फेकून साफ करून टाकू."

"नको," ती म्हणाली.

तिने एकेक कप सिंकमध्ये रिकामा केला, साबणाने घासला, ताज्या पाण्याने काठोकाठ भरला. ओल्या स्वेटरांची पिशवी भरून स्वतःच्या गाडीत ठेवायला बाजूला काढली आणि खणात कोरडे टॉवेल अंथरले. मग एकेक कप ज्या जागेवरून उचलला होता त्याच जागी परत ठेवला. म्हातारी मान वळवून वळवून सगळे कप जागेवर गेलेत का ते बघत होती. मी मधे दोन कप धुवायला घेतले. विद्यार्थिनीने माझ्याकडे साबण सरकवला.